शब्दचर्चा: गुलामगिरी ‘रद्द’ झाली, ‘बंद’ झाली की तिचं ‘निर्मूलन’ झालं? (अमेरिकेची यादवी, १८६१–६५)

मूळ प्रश्न

एका भाषांतरात हे वाक्य आहे: ‘लिंकनने १८६३ मध्ये गुलामगिरी रद्द केली आणि युद्धाचे कारण बदलले.’ त्याच मजकुरात पुढे उत्तरेच्या सैन्याकडे पळून आलेल्या गुलामांना ‘चोरटा माल’ म्हटलंय. ‘रद्द’, ‘कारण’ आणि ‘चोरटा माल’ हे तिन्ही शब्द खटकतात. त्यांच्या जागी काय घ्यावं?

प्रतिसाद

आधी ‘कारण’ घेऊ, कारण सगळा घोटाळा तिथून सुरू होतो. जुन्या मराठीत ‘कारणें’ म्हणजे ‘साठी’. त्यामुळे युद्ध कशामुळे पेटलं आणि कशासाठी लढलं गेलं, हे दोन्ही अर्थ त्या एका शब्दात शिरतात. इथे ते वेगळे ठेवायलाच हवेत.

युद्ध पेटलं ते गुलामगिरीमुळेच. दक्षिणेतल्या साउथ कॅरोलायना राज्याने डिसेंबर १८६० मध्ये संघराज्यातून फुटून निघताना जे निवेदन काढलं, त्यात उत्तरेकडची राज्यं पळालेले गुलाम परत करत नाहीत ही मुख्य तक्रार आहे. हे कारण शेवटपर्यंत बदललं नाही. बदललं ते उत्तरेचं उद्दिष्ट. २१ जुलै १८६१ ला बुल रनच्या लढाईत उत्तरेचा पराभव झाला. दुसऱ्याच दिवशी प्रतिनिधीगृहाने आणि २५ तारखेला सिनेटने ठराव केला, की हे युद्ध संघराज्य टिकवण्यासाठी आहे, राज्यांच्या प्रस्थापित व्यवस्था (म्हणजे गुलामगिरी) मोडण्यासाठी नाही. डिसेंबरमध्ये तोच ठराव पुन्हा मांडला गेला, तेव्हा प्रतिनिधीगृहाने तो पुन्हा मंजूर करायला नकार दिला. पाच महिन्यांत वारं फिरलं होतं.

म्हणून ‘युद्धाचं उद्दिष्ट बदललं’ असं लिहा. ‘युद्धहेतू’ही चालेल, पण ‘हेतू’ला मनातल्या इराद्याची छटा आहे. ठरावात आणि तहाच्या अटीत लिहिलं जातं ते उद्दिष्ट.

प्रतिसाद

‘चोरटा माल’ साफ चूक. मूळ शब्द ‘काँट्राबँड’. आजच्या बातम्यांत त्याचा अर्थ तस्करीचा माल असा होतो, पण युद्धाच्या कायद्यात शत्रूला लढाईत उपयोगी पडणारी आणि म्हणून जप्त करता येणारी वस्तू म्हणजे काँट्राबँड. चोरीचा त्यात संबंध नाही.

प्रसंग असा. २३ मे १८६१ च्या रात्री फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तीन गुलाम होडी वल्हवत व्हर्जिनियातल्या फोर्ट मन्रोला आले. किल्ला उत्तरेच्या ताब्यात होता. दक्षिणेचं सैन्य समोरच्या सूएल्स पॉइंटला तोफांचा मोर्चा बांधत होतं आणि त्या कामावर हे तिघे जुंपलेले होते. दुसऱ्या दिवशी मालकाच्या वतीने मेजर केरी पांढरं निशाण घेऊन आला आणि १८५० च्या पलायित गुलाम कायद्याखाली त्यांना परत मागू लागला. किल्ल्याचा सेनापती बेंजामिन बटलर मूळचा वकील. त्याचं म्हणणं असं: व्हर्जिनिया स्वतःला परका देश म्हणवते, मग आमचा कायदा तिला कशाला लागू? आणि तुम्ही यांना मालमत्ता म्हणता, ती आमच्याविरुद्ध वापरता, तर युद्धाच्या नियमाने मी ती ठेवून घेतो.

म्हणजे माणूस ही मालमत्ता आहे, हा मालकाचाच दावा त्याने मालकावर उलटवला. म्हणून मी ‘जप्तीचा माल’ सुचवेन. त्या शब्दातला कडवटपणा पुसू नका. मुक्तीचं दार उघडलं ते माणसाला माल म्हणूनच, आणि वाचकाला ते टोचलं पाहिजे.

मात्र हा शब्द फार काळ पुरला नाही. ३० जुलैला बटलरने युद्धमंत्र्याला लिहिलं, तेव्हा त्याच्याकडे ९०० जण जमले होते. त्यात अंगमेहनत करू शकणारे पुरुष ३००, बाया १७५, बाकी मुलं आणि म्हातारी माणसं. मोर्चा बांधणारा गडी जप्तीचा माल ठरेल, पण कडेवरचं मूल कुठल्या तोफेच्या कामाचं? ही मालमत्ता आहे तरी का, असा सरळ प्रश्न बटलरने त्या पत्रात टाकला.

प्रतिसाद

वरच्याला जोडून. ६ ऑगस्ट १८६१ चा पहिला जप्ती कायदा बटलरच्याच युक्तिवादावर उभा आहे. शत्रूच्या लष्करी कामावर लावलेल्या गुलामावरचा मालकाचा हक्क संपला, इतकंच तो म्हणतो. तो गुलाम ‘मुक्त’ झाला असं म्हणत नाही. इथे ‘मुक्ती’ लिहिलं तर चूक. १७ जुलै १८६२ च्या दुसऱ्या जप्ती कायद्यात मात्र बंडखोर मालकांचे जे गुलाम उत्तरेच्या हाती येतील ते कायमचे मुक्त, अशी भाषा आहे. जप्तीकडून मुक्तीकडे जायला वर्षही लागलं नाही.

प्रतिसाद

आता ‘रद्द’. कायदा, करार, तिकीट या गोष्टी रद्द होतात. लिंकनच्या १ जानेवारी १८६३ च्या जाहीरनाम्याने गुलामगिरीचा कुठलाच कायदा रद्द केला नाही. त्याने ठरावीक प्रदेशातली माणसं मुक्त जाहीर केली. उत्तरेच्या बाजूला राहिलेली डेलावेअर, मेरीलँड, केंटकी, मिसुरी ही गुलामगिरीची राज्यं वगळलेली होती. टेनेसी वगळलेलं, आणि न्यू ऑर्लिन्ससकट लुइझियानाचे १३ परगणेही वगळलेले. कारण आधार होता सरसेनापती म्हणून राष्ट्राध्यक्षाला असलेल्या युद्धाधिकाराचा, आणि जिथे बंड नाही तिथे तो अधिकार चालत नाही.

त्यामुळे दोन शब्दप्रयोग कायम वेगळे ठेवा. ‘गुलामांची मुक्ती’ माणसांची. ‘गुलामगिरीचं निर्मूलन’ व्यवस्थेचं. पहिली १८६३ ची, दुसरं तेराव्या घटनादुरुस्तीचं. ती सिनेटमध्ये एप्रिल १८६४ ला मंजूर झाली, जूनमध्ये प्रतिनिधीगृहात दोन-तृतीयांश मतांअभावी पडली, ३१ जानेवारी १८६५ ला तिथेच ११९ विरुद्ध ५६ मतांनी मंजूर झाली आणि ६ डिसेंबर १८६५ ला पुरेशा राज्यांची संमती मिळाली. केंटकी आणि डेलावेअरमधले गुलाम तेव्हा कुठे सुटले. (शिक्षा म्हणून लादलेल्या सक्तमजुरीची पळवाट त्या दुरुस्तीतही आहे. भाषांतरात ती गाळू नये.)

‘बंदी’ही मला पटत नाही. सतीबंदी, दारूबंदी म्हणतो तेव्हा एखादी कृती करायला मनाई असते. दुरुस्तीची भाषा मनाईची नाही. गुलामगिरी अस्तित्वातच असणार नाही, अशी आहे. आपल्याकडच्या १८४३ च्या पाचव्या कायद्याशी ताडून पाहा: त्याने गुलामांवरच्या मालकीला न्यायालयातली मान्यता तेवढी काढून घेतली. त्यासाठी ‘निर्मूलन’ वापरणं धाडसाचं ठरेल.

प्रतिसाद

‘जाहीरनामा’ हा शब्द राहू द्या. आज तो निवडणुकीचा वाटतो, पण १८५८ चा राणीचा जाहीरनामा आठवा. सत्तेने जारी केलेला, अंमल असलेला मजकूर हा त्याचा जुना अर्थ इथे चपखल बसतो. ‘घोषणा’ फार हलकी.

उद्दिष्ट नेमकं कधी बदललं, याला मराठीत ‘साध्य’ आणि ‘साधन’ ही तयार जोडी आहे. २२ ऑगस्ट १८६२ च्या, संपादक होरेस ग्रीलीला लिहिलेल्या पत्रात लिंकन साध्य एकच सांगतो, संघराज्य वाचवणं. गुलाम सोडायचे की नाही, हे त्यावर अवलंबून. त्या वेळी मुक्ती हे साधन होतं. दक्षिणेचे खंदक गुलाम खणत होते, शेती तेच पिकवत होते. एक माणूस निसटला की तिकडचे दोन हात कमी आणि इकडचे दोन वाढले. जाहीरनाम्याचा मसुदा महिनाभर आधीच, २२ जुलैला, मंत्रिमंडळापुढे वाचून झाला होता. पराभवांच्या रांगेत तो काढला तर अगतिकता दिसेल म्हणून परराष्ट्रमंत्री स्युअर्डने थांबायला सांगितलं. १७ सप्टेंबरच्या अँटीटमच्या लढाईनंतर दक्षिणेला मागे सरावं लागलं आणि २२ ला प्राथमिक जाहीरनामा निघाला.

अंतिम जाहीरनाम्याने मुक्त झालेल्यांना सैन्यात घ्यायची वाट उघडली. युद्ध संपेपर्यंत सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय सैनिक भरती झाले. ज्यांना बंदूक दिली त्यांना तहात परत देता येत नाही. १८ जुलै १८६४ च्या पत्रात लिंकनने शांततेच्या अटी दोन घातल्या: अखंड संघराज्य आणि गुलामगिरीचा त्याग. साधन साध्याच्या पंक्तीला बसलं ते इथे, लेखी.

प्रतिसाद

एक राहिलं: क्रियापद. ‘लिंकनने गुलामांना मुक्त केले’ यात कर्ता एकच उरतो. होडी वल्हवणारे तिघे वाक्यातून गेले. प्राथमिक जाहीरनाम्यातच असं कलम आहे, की ही माणसं स्वतःच्या सुटकेसाठी जो प्रयत्न करतील तो दडपायला सैन्य काहीही करणार नाही. ‘मुक्त झाले’, ‘सुटून आले’, ‘मुक्ती मिळवली’ हे प्रसंग पाहून वापरा. फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. गुलामांना सोडवणाऱ्यांचे आभार मानायला तिथे ‘मुक्त करणे’ योग्यच होतं. फोर्ट मन्रोच्या परिच्छेदात ते बसणार नाही.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. वाक्य आता असं केलंय: ‘१८६३ च्या जाहीरनाम्याने बंडखोर प्रदेशातील गुलाम मुक्त जाहीर झाले आणि त्यांची मुक्ती युद्धाच्या उद्दिष्टांत आली; गुलामगिरीचे निर्मूलन झाले ते १८६५ च्या घटनादुरुस्तीने.’ ‘चोरटा’ काढून ‘जप्तीचा’ केलंय आणि तिघांची नावं मजकुरात घेतली आहेत.