मदत हवी आहे : फसवा कॉल ज्या क्रमांकावरून आला, तो सध्या कोणत्या कंपनीकडे आहे हे कसे शोधावे?

नमस्कार. कोल्हापुरातील राजारामपुरी भागात आमची गृहनिर्माण संस्था असून तिचे सचिवपद माझ्याकडे आहे. सभासदांत निवृत्त मंडळी बरीच आहेत आणि ‘वीजबिल थकले आहे, आज रात्री जोडणी तोडू’ किंवा ‘हयातीचा दाखला नोंदवायचा आहे, पाठवलेली फाइल उघडा’ असे सांगणारे कॉल त्यांना सतत येतात. सुदैवाने अजून कोणाचे पैसे गेलेले नाहीत, त्यामुळे १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करण्याची वेळ आलेली नाही. या कॉलसाठी कार्यालयात एक वही ठेवली आहे. तारीख, वेळ, दिसलेला क्रमांक आणि बोलणे हे रकाने भरतात; ‘कॉल कोणत्या कंपनीच्या जाळ्यातून आला’ हा रकाना मात्र जवळजवळ कोराच राहतो.

पूर्वी क्रमांकाच्या पहिल्या चार अंकांवरून कंपनी आणि परिमंडळ (दूरसंचार सेवेचा विभाग, साधारण एका राज्याएवढा) ओळखता येत असे. २० जानेवारी २०११ पासून देशभर क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय झाली आणि ३ जुलै २०१५ पासून परिमंडळ ओलांडूनही तो नेता येऊ लागला, तेव्हापासून त्या अंकांना फारसा अर्थ उरलेला नाही. तरीही ‘क्रमांक टाका, कंपनी ओळखा’ छापाच्या अनेक साइट त्याच जुन्या कोष्टकावर चालतात. वहीतील एका क्रमांकासाठी दोन साइटांनी दोन वेगळ्या कंपन्या दाखवल्या. त्यांपैकी एकीच्या ग्राहक सेवा केंद्राने ‘हा क्रमांक आता आमच्याकडे नाही’ एवढे सांगितले, पण तो कोणाकडे गेला हे सांगायला साफ नकार दिला.

दुसरी अडचण याहून अवघड आहे. एका क्रमांकावर उलट फोन केला तेव्हा तो मार्केट यार्डातील एका गूळ व्यापाऱ्याचा निघाला. त्या गृहस्थांनी असा कॉल केलेलाच नव्हता, उलट दिवसभर लोकांच्या शिव्या खाऊन ते वैतागले होते. म्हणजे पडद्यावर दिसणारा क्रमांकच बनावट असेल, तर त्याची कंपनी शोधून उपयोग काय? आणि सुरुवातीला ०२३१ हा कोल्हापूरचा एसटीडी कोड दिसला की गावातलाच माणूस समजून आमचे ज्येष्ठ फोन उचलणारच, हे त्या भामट्यांनाही ठाऊक असावे.

नको असलेल्या जाहिरातींच्या कॉलची तक्रार १९०९ वर केली, की आपली कंपनी ती कॉल जिथून निघाला त्या कंपनीकडे पाठवते, आणि दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमांतील २०२५ च्या दुरुस्तीनंतर अशी तक्रार सात दिवसांच्या आत करता येते, हे मी वाचले आहे. संशयित फसवणुकीचे कॉल कळवण्यासाठी दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर ‘चक्षू’ ही सोय आहे. परदेशातून आलेला कॉल भारतीय क्रमांक दाखवत असेल, तर तेही त्याच पोर्टलवर कळवता येते. अमेरिकेत २०१९ च्या कायद्यानंतर कॉल घेणाऱ्या कंपनीपासून एकेक टप्पा मागे जात तो मुळात कोणी आत सोडला हे शोधण्याच्या व्यवस्थेला अधिकृत रूप मिळाले आहे. मला हीच पद्धत खरी उपयोगाची वाटते, कारण तिच्यात दिसणाऱ्या क्रमांकावर विसंबावे लागत नाही.

आता विचारायचे ते असे. क्रमांक सध्या कोणत्या कंपनीकडे आहे, हे सामान्य ग्राहकाला अधिकृतपणे पाहता येते का, की ती माहिती कंपन्यांपुरती आणि पोलिसांपुरतीच राहते? क्रमांक बनावट असल्याचा संशय असेल, तर कॉल घेणाऱ्या सभासदाच्या कंपनीला लेखी अर्ज देऊन तो कोणत्या कंपनीकडून तिच्याकडे आला ही नोंद मागता येते का, की त्यासाठी आधी सायबर पोलिसांकडेच जावे लागते? त्या गूळ व्यापाऱ्यांनी स्वतःच्या बचावासाठी तक्रार करायची ती नेमकी कोठे? सभासदांच्या वतीने संस्थेच्या लेटरहेडवर एकत्रित अर्ज चालतो, की प्रत्येकाने आपापल्या क्रमांकावरूनच तक्रार करावी लागते? कोणी अशी तक्रार शेवटपर्यंत नेली असेल, तर अर्जासोबत काय जोडले आणि कंपनीचे उत्तर कोणत्या स्वरूपात आले, ते कृपया कळवावे. वहीतील क्रमांक येथे जाहीर करत नाही, कारण त्यांतील काही निरपराध माणसांचे असण्याची शक्यता आहे.