मदत हवी आहे: टाटा ४०७ टेम्पोखाली डिझेल टपकतंय, सकाळी डिझेलच्या लाइनीत एअर पण धरते. गळती नेमकी शोधायची कशी?

क्रेटवाला:

मंडळी, घरची जुनी ४०७ आहे, इनलाइन पंपवाली, म्हणजे जुन्या पद्धतीचा मेकॅनिकल डिझेल पंप. पिंपळगाव बसवंतहून वाशी मार्केटला टोमॅटो नेतो. सध्या दोन त्रास आहेत आणि ते एकच आहेत की वेगवेगळे, तेच कळत नाहीये.

पहिला, गाडी चालू असताना इंजिनाखाली डिझेल टपकतं. बंद केली की थोड्या वेळाने थांबतं. थेंब सेल्फच्या (स्टार्टर मोटरच्या) खालच्या बाजूने पडतो, पण सेल्फजवळ डिझेलचा पाइपच नाही. दुसरा, रात्रभर उभी राहिली की सकाळी हँडपंप (डिझेल हाताने चढवायचा छोटा पंप) मारल्याशिवाय गाडी उठत नाही. टाकी निम्म्याच्या खाली असली की जास्तच नखरे. आणि वाशीहून रिकामी परतताना कसारा घाट चढताना मध्येच दम सोडते. पिकअप पडतो, पाय काढून परत दिला की पुन्हा ओढते.

गॅरेजवाल्याने सगळे नट आवळून दिले, दोन्ही फिल्टर बदलले. फरक शून्य. आता तो म्हणतो पंप उतरवून कॅलिब्रेशनला द्या. तो खर्च ऐन सीझनच्या तोंडावर परवडणारा नाही. पंप खोलण्याआधी घरच्या घरी काय काय तपासता येईल?

रातराणी_ट्रान्सपोर्ट:

टपकतंय तिथे कोरडं पुसून एम-सील लावा, नाहीतर बोल्टला टेफ्लॉन टेप गुंडाळा. आमच्या आयशरला लावली होती, चालली बरेच दिवस.

जुना_फिटर:

रातराणी भाऊ, टेफ्लॉन टेप डिझेलच्या लाइनीत अजिबात नको. आवळताना तिचे तुकडे तुटतात आणि सरळ फीड पंपाच्या व्हॉल्व्हमध्ये नाहीतर मेन पंपात, म्हणजे इनलाइन पंपात, जाऊन बसतात. बँजो बोल्ट, म्हणजे पाइप जोडणारा पोकळ बोल्ट, आट्यांवर सील होतच नाही, तो दोन्ही बाजूच्या तांब्याच्या वायसरवर सील होतो. आट्यांना टेप लावून उपयोग काय? एम-सीलही डिझेलने ओल्या आणि थरथरणाऱ्या जागेवर टिकत नाही. टाकीला बारीक चीर गेली असेल तर अंगाचा साबण घासून भरतात. जुन्या ड्रायव्हरांची ती युक्ती खरी आहे, कारण साबण डिझेलात विरघळत नाही. पण तोही गॅरेज गाठेपर्यंतच.

क्रेटवाले, पंप इतक्यात उतरवू नका. आधी डिझेलचा रस्ता डोळ्यांसमोर आणा. टाकीतून फीड पंप डिझेल ओढतो, तिथून ते फिल्टरांमधून मेन पंपाकडे ढकललं जातं, आणि जास्तीचं डिझेल रिटर्नने परत टाकीत जातं. फीड पंपाच्या अलीकडे ओढ आहे, पलीकडे दाब आहे. दाबाच्या बाजूला भोक पडलं तर डिझेल बाहेर येतं. ओढीच्या बाजूला पडलं तर बाहेर काही येत नाही, हवा आत जाते. उसाच्या रसाच्या नळीला भोक पडल्यावर जे होतं तेच. म्हणून टपकणारी गळती डोळ्याला दिसते आणि हवा ओढणारी बहुतेक वेळा कोरडीठाक असते. तुमच्याकडे बहुधा दोन्ही आहेत.

टपकणारी आधी शोधा, ती सोपी आहे. थेंब पडतो ती जागा विसरून जा. डिझेल पाइपाच्या, ब्रॅकेटच्या अंगाने ओघळत जातं आणि सगळ्यात खालच्या टोकाला पडतं. सेल्फच्या वर बघा काय काय आहे: फिल्टरचं डोकं, ओव्हरफ्लोचा बँजो, रिटर्नची होज. इंजिनाची ती बाजू रॉकेल नाहीतर डिझेलने ब्रशने धुवा, हवा मारून अगदी कोरडी करा. मग लहान मुलांची टाल्कम पावडर प्रत्येक जोडावर भुरभुरा. गाडी चालू करा, थोडी रेस द्या आणि टॉर्च लावून वरून खाली बघत या. पांढऱ्या पावडरवर सगळ्यात वरचा जो ओला डाग उमटेल, तिथून गळती. खालचे डाग नुसते ओघळ.

हे करताना नोझलकडे (इंजिनात डिझेल फवारतात त्या) जाणाऱ्या बारीक लोखंडी पाइपांजवळ बोट फिरवू नका. तिथला दाब दोनशे बारच्याही वर जातो. बारीक फवारा दिसतही नाही आणि कातडी फोडून डिझेल आत घुसतं. टोचल्यासारखी बारीक खूण दिसते, पण दुखणं थेट ऑपरेशनपर्यंत जातं. तिथे पुठ्ठा धरून बघायचं.

शासीनंबर:

जुना_फिटर, थोडा मतभेद. टाकी फिल्टरपेक्षा खाली आहे. गाडी बंद झाली की फिल्टरकडच्या सैल जोडातूनही हवा आत शिरते आणि डिझेल हळूहळू टाकीकडे उतरतं. म्हणजे दिवसा टपकणारा जोडच रात्री हवा घेऊ शकतो. तसं असेल तर दोन नाही, एकच गळती. फीड पंपाच्या व्हॉल्व्हखाली कचरा अडकला असेल तर हे उतरणं आणखी सोपं होतं.

जुना_फिटर:

बरोबर आहे तुमचं, सकाळच्या त्रासाचा तेवढ्याने उलगडा होतो. पण घाटात दम सोडण्याचा होत नाही. गाडी चालू असताना त्या जोडात दाब असतो, हवा आत यायला वाव नाही. लोडवर पिकअप पडतो आणि पाय काढला की परत येतो, म्हणजे मागणी वाढली की पुरवठा कमी पडतोय. ओढीच्या बाजूला हवा, नाहीतर चोकअप. फिल्टर नवीन आहेत, तेव्हा टाकी ते फीड पंप एवढाच रस्ता उरतो.

आणि हो, सगळ्यात फुकटची तपासणी राहिली. टाकीचं झाकण. घाटात दम सोडला की गाडी बाजूला घेऊन झाकण उघडा. सुस्स असा आवाज होऊन हवा आत गेली आणि गाडी लगेच ओढायला लागली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. बाकी काही करायची गरज नाही.

क्रेटवाला:

झाकण बघितलं, भोक मोकळं आहे. आवाज वगैरे काही नाही.

पावडरचा प्रयोग मात्र भारी निघाला. सेल्फचा काहीच संबंध नव्हता. फिल्टरच्या डोक्यावर बाहेर जाणाऱ्या पाइपाचा बँजो आहे, त्याच्या खालच्या वायसरपाशी पहिला डाग आला. तिथून ओघळ ब्रॅकेटवर, ब्रॅकेटवरून वायरिंगच्या पाइपावर आणि वायरिंगवरून सेल्फवर. गॅरेजवाल्याने आवळून आवळून तो वायसर पार चेपवलाय, एका बाजूला पातळ झालाय. आता बदलायचा की तापवून परत वापरायचा? दुकानदार म्हणतो तापवला की नव्यासारखा होतो.

जुना_फिटर:

दुकानदार असून नवा विकत नाहीये, भला माणूस दिसतो! तांबं लाल होईपर्यंत तापवलं की मऊ पडतं आणि परत नीट बसतं, हे खरं आहे. अडल्या वेळी आम्हीही करतो. पण एका बाजूला पातळ झालेला वायसर तापवून जाड होत नाही. किरकोळ पैशांची वस्तू आहे, नवेच घ्या, बँजोच्या वरचा आणि खालचा दोन्ही बदला. बसवण्याआधी फिल्टरच्या डोक्याची बैठक नखाने चाचपून बघा. ओरखडा नखाला लागला तर नवा वायसरही गळणार. मग काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून बँजोचं तोंड घासून सपाट करावं लागेल, आणि ओरखडा डोक्यावर असेल तर डोकंच उतरवून दाखवावं लागेल. आवळताना लांब पाना नको. डोकं अॅल्युमिनियमचं आहे, आटे गेले की अख्खं बदलावं लागतं.

आता हवेकडे. एक स्वच्छ कॅन घ्या, त्यात डिझेल भरा, फीड पंपापेक्षा उंचावर पक्का बांधा. फीड पंपाला येणारा टाकीचा पाइप सोडा आणि कॅनमधून वेगळी होज तिथे जोडा. रात्रभर तशीच उभी ठेवा. सकाळी हँडपंपाशिवाय गाडी उठली तर दोष टाकी किंवा लाइनीत. नाही उठली तर फीड पंप किंवा त्याच्या पुढे. मेन पंप दोषी की नाही, याचा निम्मा निकाल इथेच लागतो.

हँडपंपाची मूठही बघा. ती ओढीच्या बाजूला असते, आतली सील झिजली की तिथूनही हवा जाते. मुठीभोवती घट्ट ग्रीस थापा. त्याने फरक पडला तर चोर तोच. मूठ खाली दाबून नीट आवळलेली हवी, हे बरेच जण विसरतात.

ताई_स्टिअरिंग:

अजून एक. ऑइलची काडी काढून बघा. पातळी वाढलेली असेल किंवा ऑइलला डिझेलचा वास येत असेल, तर डिझेल आतल्या आत उतरतंय. तेव्हा गाडी चालवू नका, पातळ ऑइलने बेअरिंगं जातील.

आणि गळतीचा हिशोब कोणी करत नाही म्हणून सांगते. सेकंदाला एक थेंब म्हणजे दहा तासांत पावणेदोन लिटरच्या आसपास. वर रस्त्यावर सांडलेल्या डिझेलवरून मागचा दुचाकीवाला घसरतो ते वेगळंच.

क्रेटवाला:

ऑइल ठीक आहे ताई, काडीवर पातळी बरोबर आहे. वायसर बदलले, टपकणं बंद.

काका, कॅनवर गाडी सकाळी एका सेल्फला उठली! म्हणजे पंप वाचला. आता टाकी की लाइन? टाकीतला ओढायचा पाइप बाहेर काढून बघितला, त्याला चीर नाही, जाळीही साफ आहे.

जुना_फिटर:

छान. मग लाइन. लोखंडी पाइप शासीला जिथे जिथे क्लिपने बांधलाय त्या जागा बघा. क्लिपच्या आतलं रबर झडलं की पाइप नुसत्या पत्र्यावर घासतो, वर पावसाचं पाणी तिथेच साठतं. वरून पाइप ठणठणीत दिसतो आणि क्लिपखाली कागदासारखा झालेला असतो. दिसत नसेल तर पाइप अख्खा उतरवा, एक टोक बूच लावून बंद करा, दुसऱ्या टोकाला सायकलच्या पंपाने हवा द्या आणि पाण्याच्या घमेल्यात बुडवत पुढे सरका. बुडबुडा लपत नाही. रबरी होजची टोकंही बुडवा, क्लॅम्पपाशी होज चिरलेली असते.

काही जण टाकीतच कॉम्प्रेसरची हवा मारून लाइन तपासतात. ते नको. पत्र्याची टाकी फुगते, शिवण उसवते.

क्रेटवाला:

सापडलं!! टाकीपासून दुसरी क्लिप. काढली तर आत रबराचा पत्ता नाही. पाइपावर चपटी चकाकती पट्टी पडलीय आणि तिच्या कडेला गंजाचा ठिपका. घमेल्यात धरला तर त्या ठिपक्यातून मोहरीएवढे बुडबुडे एकामागोमाग. नुसत्या डोळ्याने भोक अजूनही दिसत नाही. त्या जागी धूळ जरा जास्त काळी आणि चिकट होती, एवढीच काय ती खूण.

वेल्डिंगवाला म्हणतो दोन मिनिटांत ब्रेझिंग करून देतो. करू का?

शासीनंबर:

करू नका. आजूबाजूचा पत्राही पातळ झालाय, ब्रेझिंगच्या कडेला परत फुटेल. आणि गाडीवर लावलेल्या पाइपाला तर चुकूनही गॅस लावू देऊ नका, टाकी शेजारीच आहे. डिझेल पटकन पेटत नाही म्हणून लोक गाफील राहतात. रिकाम्या टाकीतली वाफच घात करते.

जुना_फिटर:

शासीनंबरशी सहमत. अख्खा पाइप नवीन करा, त्याच बाहेरच्या व्यासाचा. नाशिकच्या आडगाव नाक्याकडे ट्रकची कामं करणारे पाइप वाकवून, टोकं मारून देतात. जुना पाइप नमुना म्हणून सोबत न्या. सीझनमुळे वेळच नसेल तर खराब तुकडा कापून मध्ये डिझेलची होज टाकता येते, पण फक्त या ओढीच्या लाइनीत. नोझलच्या पाइपाला असला जोड कधीच नाही. होज डिझेलची म्हणूनच मागा. पाण्याची साधी रबरी नळी डिझेलने फुगते आणि आतून सुटायला लागते. पाइपाच्या कापलेल्या टोकाला गोल उभार काढून घ्या, नाहीतर क्लॅम्प कितीही आवळा, हवा आत सरकतेच. कापल्यावर आतला लोखंडी चुरा हवा मारून काढा, फीड पंपाला तो चालत नाही.

बांधताना प्रत्येक क्लिपखाली नवीन रबर. सायकलच्या ट्यूबचा तुकडा नको, डिझेल लागलं की त्याचा चिकटा होतो.

मग एअर काढा. फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करून हँडपंप मारा, फेस जाऊन सलग डिझेल आलं की पंप मारता मारताच स्क्रू आवळा. त्यानंतर मेन पंपावरचा स्क्रू, तसंच. तरी उठली नाही तर नोझलकडच्या पाइपांचे नट एखादा आटा सैल करून सेल्फ मारायचा, डिझेल दिसलं की आवळायचे. खाली फडकं धरा, सेल्फवर आणि बेल्टवर डिझेल नको.

रातराणी_ट्रान्सपोर्ट:

हे नोझलचे नट सैल करणं बीएस-सिक्स गाडीला चालतं का? आमच्याकडे एक नवीन आहे.

जुना_फिटर:

नाही. बीएस-सिक्स डिझेल गाडी कॉमन रेलची असते, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या पाइपातून (रेलमधून) डिझेल जातं. तिच्या त्या नटांना हातच लावायचा नाही. तिथला दाब हजार बारच्या कितीतरी वर जातो आणि गाडी बंद केल्यावरही थोडा वेळ रेलमध्ये राहतो. टाकी ते फिल्टरपर्यंतचं तुम्ही बघा, त्याच्या पुढचं स्कॅनर असलेल्याकडेच.

क्रेटवाला:

नवीन पाइप करून घेतला, सगळ्या क्लिपा रबरासकट बदलल्या. टाकी मुद्दाम निम्म्याखाली ठेवून कसारा चढून आलो, कुठे दम सोडला नाही. सकाळीही लगेच उठते. जुने वायसर काढलेत तर फीड पंपाच्या दोन्ही बँजोंचे वायसरही आताच बदलून टाकू का, की कोरडे आहेत तर हात लावू नको?

जुना_फिटर:

कोरडे आहेत तर हात लावू नका. वायसरचा एक जोड घेऊन गाडीच्या टूलबॉक्समध्ये टाकून ठेवा, आणि त्या बँजोंचा पानाही.