मॉन्सूनमध्ये चौघांनी तगायचे कसे? 'रिस्क ऑफ रेन २'चे अनुभव

सदाशिव पेठ

नमस्कार मंडळी. 'रिस्क ऑफ रेन २' हा संगणकावरचा खेळ चौघांनी मिळून खेळणारे गट पुण्यात बरेच आहेत, आणि मला भेटलेला जवळजवळ प्रत्येक गट 'रेनस्टॉर्म' ही मधली पातळी पार करून 'मॉन्सून' या तिच्यावरच्या कठीण पातळीपाशी अडकलेला आहे. आमचाही गट तसाच अडकला होता. ११ ऑगस्ट २०२० रोजी खेळ पूर्ण स्वरूपात आला, तेव्हा टाळेबंदीमुळे आम्ही चार मित्र एकाच शहरात राहूनही भेटू शकत नव्हतो, आणि रात्री जेवणानंतर हेडफोन लावून एकत्र खेळणे हीच आमची भेट होती. तेव्हापासून मॉन्सूनवर आमच्या किती फेऱ्या वाया गेल्या याची मोजदाद नाही. आपला गट नेमका कुठे आणि कशामुळे संपला, आणि त्यानंतर आपण काय बदलले, एवढेच कृपया प्रत्येकाने सविस्तर लिहावे. 'सराव करा' हा सल्ला सगळ्यांना माहीत आहे.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. हा रोगलाइक प्रकारातला नेमबाजीचा खेळ असल्यामुळे गट मेला की गोळा केलेल्या साऱ्या वस्तू जातात आणि पुन्हा पहिल्या टप्प्यापासून सुरुवात करावी लागते. शत्रू वेळेनुसार बळावत जातात, म्हणजे आपण नुसते उभे राहिलो तरी खेळ कठीण होत राहतो. मॉन्सूनवर ही वाढ रेनस्टॉर्मच्या तुलनेत ५० टक्क्यांनी अधिक असते आणि आपली जखम आपोआप भरून येण्याचा वेग ४० टक्क्यांनी कमी होतो.

आमची पहिली चूक घड्याळाशी संबंधित होती. आम्ही टप्प्यावर उतरलो की आधी सगळ्या पेट्या शोधत असू, त्या उघडण्यापुरते पैसे साठावेत म्हणून किरकोळ शत्रू मारत बसत असू, आणि सगळी लूट झाल्यावरच पुढच्या टप्प्यावर नेणारा टेलिपोर्टर सुरू करत असू. यात एकेका टप्प्यावर आठ-नऊ मिनिटे जात आणि चौथ्या टप्प्यावर पोहोचेपर्यंत शत्रू आमच्या आवाक्याबाहेर गेलेले असत. मग एकदा आम्ही हा क्रम उलटा केला. टेलिपोर्टर दिसला की तो लगेच सुरू करायचा, तो भरायला लागणारी ९० सेकंदे आणि तेव्हा येणारा बॉस, म्हणजे मोठा शत्रू, निभावून न्यायचा, आणि मगच पेट्यांकडे वळायचे. त्या ९० सेकंदांत इतके शत्रू अंगावर येतात की पैसे आपोआप साठतात, टेलिपोर्टर पूर्ण झाल्यावर नवे शत्रू यायचे थांबतात, आणि पेट्यांच्या किमती टप्प्यावर उतरतानाच ठरलेल्या असल्यामुळे नंतर उघडल्याने त्या महाग होत नाहीत. शांत झालेल्या मैदानात चौघे चार दिशांना पांगून दीड मिनिटात सगळे गोळा करून परत येतात. पहिल्या दोन टप्प्यांना प्रत्येकी पाच मिनिटे, हा आमचा तेव्हापासूनचा नियम आहे.

कोथरूड

मी, माझा दादा, वहिनी आणि वहिनींचा भाऊ असे आम्ही चौघे शनिवारी रात्री खेळतो. आमचे मरण शत्रूंपेक्षा वाटणीमुळे अधिक वेळा ओढवले, असे मला प्रामाणिकपणे वाटते. या खेळात मारलेल्या शत्रूचे पैसे सगळ्यांना मिळतात, पण पेटीतून पडलेली वस्तू मात्र ज्याचा पाय तिच्यावर पडेल त्याची होते आणि ती पुन्हा खाली ठेवता येत नाही. दादाला पळत पेटीवर जाण्याची सवय होती, त्यामुळे तिसऱ्या टप्प्यापर्यंत त्याच्याकडे वीस वस्तू आणि वहिनींकडे सहा अशी स्थिती होत असे. वहिनी आधी मरत, तिघांवर भार पडे, आणि मग एकेक करून सगळेच जात असू.

आता पेटी उघडणारा दोन पावले मागे थांबतो, पडलेल्या वस्तूचे नाव सांगतो, आणि ती ज्याच्या कामाची ठरेल तोच ती उचलतो. 'सोल्जर्स सिरिंज'ने हल्ल्याचा वेग १५ टक्क्यांनी वाढतो, म्हणून ती सतत गोळ्या झाडणाऱ्या कमांडो या पात्राकडे जाते आणि ठोसे मारणाऱ्या लोडरकडे जात नाही. 'टफर टाइम्स' हे खेळण्यातले अस्वल येणारा वार पूर्ण अडवण्याची शक्यता देते. पहिल्या अस्वलाला ही शक्यता सुमारे १३ टक्के असते आणि दहा अस्वले एकाच माणसाकडे साठली तर ६० टक्क्यांपर्यंत जाते, म्हणजे प्रत्येक वाढीव अस्वल आधीच्यापेक्षा थोडे कमी उपयोगी पडते. त्यामुळे अस्वले आम्ही सगळ्यांत सारखी वाटतो.

वहिनी इंजिनियर हे पात्र घेतात. इंजिनियरच्या दोन्ही तोफांना त्याच्याजवळच्या वस्तूंचा गुण मिळतो. 'बस्टलिंग फंगस' ही वस्तू स्थिर उभे राहणाऱ्याला आणि त्याच्या आसपासच्या साथीदारांना बरे करते, आणि तोफ तर जागची हलतच नाही. म्हणून प्रत्येक फंगस वहिनींचा, यावर आता चर्चासुद्धा होत नाही. टेलिपोर्टरच्या वर्तुळात, म्हणजे तो भरण्यासाठी थांबावे लागते त्या जागेत, दोन्ही तोफा शेजारी शेजारी मांडल्या की जखमी झालेल्याला परत यायला एक हक्काची जागा मिळते. आमची पहिली मॉन्सून फेरी पूर्ण झाली ती अशा सात फंगसांच्या जोरावर, आणि त्या रात्री वहिनींना जो आनंद झाला तो पाहून या वाटणीचे नियम आधीच का केले नाहीत याची मला फार हळहळ वाटली.

वाकड

माझा अनुभव थोडा वेगळ्या बाजूचा आहे. चौघांच्या फेरीत मी नेहमी पहिला मरत असे आणि मरण्याचे कारण मला कळत नसे, कारण गर्दीत कोणाचा वार कुठून आला हे दिसत नाही. म्हणून मी पाच-सहा महिने एकट्याने 'एक्लिप्स' खेळलो. या प्रकारात आठ पायऱ्या आहेत, प्रत्येक पायरीवर मॉन्सूनच्या वर एक नवी अडचण येते आणि आधीच्या अडचणी तशाच राहतात. पहिल्या पायरीवर अर्ध्याच आरोग्याने सुरुवात होते. दुसरीवर टेलिपोर्टरचे वर्तुळ निम्मे होते. तिसरीवर उंचावरून पडल्याची इजा दुप्पट होते आणि तिने जीवही जाऊ शकतो, चौथीवर शत्रू ४० टक्क्यांनी वेगवान होतात, पाचवीवर बरे होण्याचे प्रमाण निम्म्यावर येते, सहावीवर पैसे २० टक्क्यांनी घटतात, सातवीवर शत्रूंची दोन हल्ल्यांमधली विश्रांती निम्मी होते, आणि आठवीवर लागलेल्या माराचा काही भाग कायमचा राहतो, म्हणजे कमाल आरोग्यच घटते.

या सगळ्यांत मला घडवले ते दुसऱ्या आणि आठव्या पायरीने. निम्म्या वर्तुळात पळायला जागा नसते, त्यामुळे टेलिपोर्टर सुरू करण्यापूर्वी आसपासचे खांब, कडे आणि चढ नीट पाहून ठेवायची सवय लागली. आठव्या पायरीपर्यंत मी 'थोडा मार लागला तरी चालेल, नंतर भरून येईल' अशा हिशेबाने खेळत असे. तो हिशेब तिथे पूर्ण कोसळला. लेम्युरियन या एका छोट्या शत्रूचा निष्काळजीपणे घेतलेला अग्निगोळासुद्धा बॉसशी लढताना आठवतो, कारण तेवढे आरोग्य आता उरलेलेच नसते. मार सोसायचा नाही, चुकवायचा, हे मला तिथे अंगवळणी पडले, आणि नंतर मित्रांसोबत साध्या मॉन्सूनवर परतलो तेव्हा त्यांनीच विचारले की तू हल्ली मरत का नाहीस.

सदाशिव पेठेतल्या मित्राच्या पाच मिनिटांच्या नियमाशी मात्र मी पूर्ण सहमत नाही. घड्याळाइतकेच टप्पे ओलांडण्यानेही काठिण्य वाढते. प्रत्येक ओलांडलेल्या टप्प्यामागे ते १.१५ पट होते. त्यामुळे घाईघाईने रिकाम्या हातांनी पुढे जाणाऱ्याला वेळ वाचवूनही फायदा होत नाही. आम्ही मिनिटे मोजत नाही, वस्तू मोजतो. टप्प्यावरच्या दिसलेल्या पेट्या संपल्या आणि पुढची शोधायला अर्ध्या मिनिटाहून अधिक लागतेय असे वाटले, की निघतो.

औंध

मी बँकेतून निवृत्त झालेली बाई आहे आणि माझ्या भाच्याने मला हा खेळ शिकवला. तो, त्याचे दोन मित्र आणि मी, असा आमचा गट आहे, आणि तिघेही मला मावशीच म्हणतात. मला त्यांच्याइतक्या वेगाने नेम धरता येत नाही, म्हणून मी हंट्रेस हे तिरंदाज पात्र घेते. तिचा नेम आपोआप लागतो आणि धावता धावता बाण मारता येतात, त्यामुळे माझे सारे लक्ष कुठे पाय ठेवायचा यावर राहते. नवख्या माणसाला मॉन्सूनवर न्यायचे असेल तर त्याला हंट्रेस द्यावी, असे मी अनुभवाने सांगते.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधीच्या आठवड्यांत आमच्याकडे नदीच्या बाजूने ढोल-ताशा पथकाचा सराव रोज संध्याकाळी चाले, आणि हेडफोन लावूनही मुलांचे बोलणे मला ऐकू येत नसे. तेव्हा भाच्याने सुचवले की मावशी, माउसचे मधले बटण दाबून खूण करत जा. त्या बटणाने पेटी, शत्रू किंवा जागा सगळ्यांच्या पडद्यावर दाखवता येते. आम्ही ठरवले की शत्रूवर खूण केली तर सगळ्यांनी आधी त्यालाच मारायचे. दगडी गोलेम दिसला की मी लगेच खूण करते, कारण त्याचा लाल किरण कोणावर रोखलेला आहे हे लढणाऱ्याच्या लक्षात येत नाही, आणि तो सुटण्याआधी खांबाआड जायला फार थोडा वेळ मिळतो. सराव संपला, गणपती गेले, पण खुणांची पद्धत आम्ही ठेवली.

कर्वेनगर

एकच मुद्दा आहे. मेलेला साथीदार पुढच्या टप्प्यावर जिवंत होऊन येतो, हे आमच्या गटातल्या सगळ्यांना माहीत होते, तरी तिघे मेल्यावर उरलेला चौथा सूड घ्यायला बॉसवर धावून जात असे. आता उरलेल्याने लढायचे नाही, जगायचे, असे आम्ही ठरवले आहे. जिवंत असलेले सगळे वर्तुळात असले की टेलिपोर्टर पूर्ण वेगाने भरतो आणि मेलेल्यांची गणती त्यात होत नाही. त्यामुळे एकट्याने वर्तुळाच्या कडेकडेने फिरत ९० सेकंदे काढता येतात, आणि मग बॉसला लांबून, सावकाश मारता येते. एकदा आमच्यातल्या एकाने असे नऊ मिनिटे काढली. आम्ही तिघे श्वास रोखून बघत होतो, आणि पुढच्या टप्प्यावर पाय ठेवला तेव्हा त्याचे हात थरथरत होते.

धनकवडी

आमचा गट शेवटापर्यंत पोहोचतो आणि मिथ्रिक्स या शेवटच्या बॉसपाशी मरतो, म्हणून त्याच्याबद्दल लिहितो. शेवटच्या टप्प्यात, म्हणजे चंद्रावर, टेलिपोर्टरसारखेच चार स्तंभ भरल्याशिवाय त्याच्यापर्यंत जाता येत नाही, आणि लढाईचे चार भाग असतात. पहिल्या भागात तो हातोडा घेऊन येतो, दुसऱ्यात स्वतः बाजूला होऊन इतर शत्रू पाठवतो, तिसऱ्यात परत येतो, आणि चौथ्यात तुमच्या सगळ्या वस्तू हिरावून घेतो. पुढे त्याला जसजसे घाव बसतात तसतशा त्या परत मिळतात.

आमच्या चार फेऱ्या या चौथ्या भागात संपल्या. आमची सगळी ताकद वस्तूंत होती आणि मूळ शस्त्र कसे वापरायचे हे आम्ही विसरलो होतो. शिवाय हिरावलेल्या वस्तू तो आमच्यावरच वापरतो, त्यामुळे आम्ही जेवढे बलवान होऊन गेलो तेवढाच तोही झाला. 'शेप्ड ग्लास' घेऊन जाण्याचा मोह इथे नडला. त्याने आपला मारा दुप्पट होतो आणि आरोग्य निम्मे राहते, आणि निम्म्या आरोग्यावर हातोड्याचा एक घाव पुरतो. ती वस्तू आता आमच्यात फक्त एकजण घेतो, तोही सर्वांत लांबून मारणारा.

बदल असा केला की तिसरा भाग संपत येताना चौघे रिंगणाच्या चार कडांना पांगतो. वस्तू गेल्या की मिथ्रिक्स ज्याच्या मागे लागेल त्याने फक्त पळायचे आणि बाकीच्या तिघांनी मूळ शस्त्राने सतत मारत राहायचे, अगदी क्षीण का होईना, कारण पहिले काही घाव बसले की वस्तू परत यायला लागतात आणि मग लढाई फिरते. गेल्या रविवारी पहाटे पावणेदोनला तो पहिल्यांदा पडला. बाहेर पाऊस कोसळत होता, आमच्या गल्लीतले दिवे दोनदा गेले होते, आणि इन्व्हर्टरवर चाललेल्या माझ्या लॅपटॉपच्या पडद्यावर चौघांपैकी तिघे जिवंत होते.