बाथरूममधला गॅस गिझर: खिडकी किती उघडी असली म्हणजे पुरे?

शेवंती

पुण्यात जुन्या इमारतीत भाड्याचा फ्लॅट आहे. बाथरूम 4 बाय 6 फूट, उंची 8 फूट. वर दीड बाय एक फुटाची, काचेच्या पट्ट्यांची खिडकी, ती डक्टमध्ये उघडते. गिझर एलपीजीचा, मिनिटाला 6 लिटरचा, बाथरूमच्या आतच भिंतीवर. सिलिंडर स्वयंपाकघरात. सकाळी चार जणांच्या अंघोळी पाठोपाठ होतात. थंडीत खिडकीच्या पट्ट्या अर्ध्या मिटलेल्या असतात.

तिसऱ्या नंबरला जाणाऱ्या सासूबाईंचं डोकं अंघोळीनंतर जड होतं, मळमळतं, तासाभरात बरं वाटतं. बीपी ठीक आहे. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर 98 दाखवतं. गॅसचा वास कधीच येत नाही. घरमालक म्हणतात एक्झॉस्ट फॅन लावून देतो. तेवढ्याने भागेल का? की गिझर बाहेर काढायला सांगावं? ड्राय बाल्कनी बाथरूमपासून बारा-तेरा फुटांवर आहे, तिथून गरम पाणी येईपर्यंत गार होईल असं प्लंबरचं म्हणणं.

नळजोड

गिझर बाहेर काढा. त्याआधी आजपासून त्याचा वापर आहे तसा सुरू ठेवू नका.

आधी तुमच्याच मापांचा हिशोब करू. 4 × 6 × 8 म्हणजे 192 घनफूट, साधारण 5.4 घनमीटर हवा. 6 लिटरचा गिझर पूर्ण आचेवर तासाला किलोभर गॅस जाळतो, म्हणजे दहा मिनिटांत दीडशे ग्रॅम. एक किलो एलपीजी नीट जळायला 12-13 घनमीटर हवा लागते, तर दीडशे ग्रॅमला झाली जवळपास 2 घनमीटर. एका माणसाच्या दहा मिनिटांच्या अंघोळीत त्या खोलीतल्या एक तृतीयांशाहून जास्त हवेतला प्राणवायू ज्योत खाऊन टाकते. शिवाय जळून निघालेली हवा कुठे जात नाही, तिथेच फिरून पुन्हा बर्नरच्या तोंडाशी येते. प्राणवायू 21 टक्क्यांवरून 18 च्या खाली उतरला की ज्योत अर्धवट जळू लागते आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू झपाट्याने वाढतो. पहिल्या माणसाला काही होत नाही आणि तिसऱ्याचं डोकं जड होतं, ते यामुळे. प्रत्येकाला आधीच्याची उरलेली हवा मिळते.

वासाचं सांगतो, कारण इथे बहुतेक जण फसतात. एलपीजीला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मरकॅप्टन हा उग्र वासाचा पदार्थ घालतात. तो ज्योतीत गॅसबरोबर जळून जातो. त्यामुळे गिझर चालू असताना तयार होणाऱ्या मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, डोळ्यांत चुरचुर नाही. वास येत नाही याचा अर्थ गळती नाही, एवढाच.

आता एक्झॉस्ट फॅन. फॅन हवा बाहेर फेकतो, पण तेवढीच हवा आत यायला वाट हवी. दार घट्ट बसणारं असेल, खाली फट नसेल, तर फॅन नुसता घरघरतो. डक्टमध्ये फेकलेली हवा डक्टमध्येच घुटमळली तर वरच्या मजल्याच्या खिडकीतून त्यांच्या बाथरूममध्ये शिरते, आणि त्यांच्या गिझरची तुमच्याकडे. गिझरला धुराचा पाइप असेल तर फॅन त्या पाइपातून जाणारा धूर उलटा आत ओढू शकतो. शिवाय लाइट गेली की फॅन बंद पडतो, गिझर मात्र सेलवर चालू राहतो. म्हणून आतल्या गिझरवर फॅन हा उपाय मी कोणालाच सुचवत नाही.

पाणी गार होण्याचं प्लंबरने उगाच सांगितलं. बारा-तेरा फूट अर्ध्या इंची पाइपात मावतं जेमतेम अर्धा-पाऊण लिटर पाणी. मिनिटाला 6 लिटरच्या धारेला ते सहा-सात सेकंदांत निघून जातं. सुरुवातीचा एक तांब्या गार येईल, बास. गिझरच्या तोंडाशी स्टीलची लवचिक नळी, पुढे सीपीव्हीसी (गरम पाण्याचा प्लास्टिक पाइप), आणि पाइपावर फोमचं आवरण.

कोयनाकाठ

गिझर बाहेर निघेपर्यंतची सोय: खिडकी आणि दार सताड उघडं ठेवून बादली भरायची, गिझर बंद करायचा, मग अंघोळीला जायचं. शॉवर बंद. अनेक घरांत हीच पद्धत आहे आणि तिला पैसे लागत नाहीत.

नळजोड

चालेल, पण दोन गोष्टी पाळल्या तरच. 20 लिटरची बादली भरायला साडेतीन मिनिटं लागतात, तेवढा वेळ कोणीही आत उभं राहायचं नाही. आणि गिझर बंद केल्यावर लगेच दार लावून आत बसायचं नाही, निदान दहा मिनिटं दार-खिडकी उघडीच ठेवायची. आतली कडी तात्पुरती काढून टाका. त्याजागी बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येणारं लॅच बसवा.

रात्रपाळी

वैद्यकीय बाजू लिहितो. सासूबाईंच्या लक्षणांकडे मी मोनॉक्साइडची विषबाधा म्हणूनच बघेन, दुसरं कारण सिद्ध होईपर्यंत.

ऑक्सिमीटरचं 98 विसरून जा. ते यंत्र बोटातून दोन रंगांचा प्रकाश पाठवून रक्त किती लाल आहे ते मोजतं. मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे ते अडीचशे पटींनी घट्ट चिकटतो आणि ते हिमोग्लोबिनही तसंच लाल दिसतं. यंत्राला फरक कळत नाही. रक्तातलं तीस टक्के हिमोग्लोबिन निकामी झालेलं असलं तरी आकडा 97-98 येतो. दवाखान्यात हीच चूक पुन्हा होते. धमनीतल्या रक्ताच्या साध्या एबीजी तपासणीत प्राणवायूचा दाब नॉर्मल येतो, कारण तो रक्तात विरघळलेल्या प्राणवायूचा असतो. पुष्कळ यंत्रं त्यावरून संपृक्तता, म्हणजे किती टक्के हिमोग्लोबिनला प्राणवायू चिकटला आहे ते, नुसती गणिताने काढतात. को-ऑक्सिमीटर असलेल्या यंत्रावर कार्बॉक्सिहिमोग्लोबिन (मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन) मोजा, असं नाव घेऊन सांगावं लागतं. नेहमीच्या नसेतल्या रक्तावरही ते मोजता येतं. सिगारेट न ओढणाऱ्यात 2-3 टक्क्यांपर्यंत ठीक, ओढणाऱ्यात 10 पर्यंत जाऊ शकतं.

वेळेचं भान ठेवा. साध्या हवेत हे प्रमाण निम्म्यावर यायला चार ते सहा तास लागतात, शंभर टक्के ऑक्सिजनवर तास-दीड तास. संध्याकाळी ओपीडीत नेलं, किंवा रुग्णवाहिकेत दोन तास ऑक्सिजन दिल्यावर रक्त काढलं, तर रिपोर्ट जवळजवळ स्वच्छ येतो. त्यावरून विषबाधा नव्हती असं म्हणता येत नाही. म्हणून "बाथरूममध्ये गॅस गिझर चालू होता" हे वाक्य पहिल्या मिनिटाला डॉक्टरांच्या कानावर घाला. ते कोणी सांगितलं नाही तर बाथरूममध्ये पडलेल्या माणसाची फाइल फिट, हार्ट अटॅक किंवा साधी भोवळ अशीच चालू होते, आणि फिटच्या गोळ्या उगाच वर्षानुवर्षं घेतल्या जातात.

वेग किती असतो तेही लिहितो. हवेच्या दहा लाख भागांत 1,600 भाग मोनॉक्साइड असेल तर वीस मिनिटांत डोकेदुखी, चक्कर, मळमळ, आणि तासा-दोन तासांत मृत्यू. 6,400 भागांना एक-दोन मिनिटांतच डोकं दुखू लागतं आणि अर्ध्या तासाच्या आत जीव जातो. डोकं दुखतंय हे कळेपर्यंत पाय उचलण्याची ताकद गेलेली असते. कडी लावलेल्या दाराची भीती म्हणूनच जास्त.

कोणी आत निपचित सापडलं तर आधी बाहेरून सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा. श्वास रोखून आत जा, दार-खिडकी उघडा, काखेत हात घालून मोकळ्या हवेत ओढून आणा. आतले स्विच चालू-बंद करू नका, ज्योत विझून गॅस साठलेला असू शकतो. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा, नसेल तर लगेच छातीवर दाब द्यायला सुरुवात करा. 108 ला फोन लावा. तोंडात पाणी घालू नका, कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नका. हॉस्पिटलमध्ये पिशवी असलेल्या मास्कने मिनिटाला 10 ते 15 लिटर ऑक्सिजन द्यायला हवा. नाकातल्या नळीचा 2-3 लिटर इथे पुरत नाही. ऑक्सिमीटर 98 दाखवतंय म्हणून मास्क काढायचा नाही. ईसीजी आणि ट्रोपोनिन (हृदयाची इजा दाखवणारी रक्ततपासणी) करायचंच, कारण हृदयालाही इजा होते. बेशुद्ध झालेल्यांसाठी आणि गरोदर बाईसाठी प्रेशर चेंबरचा, म्हणजे जास्त दाबाखाली ऑक्सिजन देणाऱ्या बंद कक्षाचा, विचार होतो. पोटातल्या बाळाच्या रक्तात मोनॉक्साइड आईपेक्षा जास्त चढतो आणि उतरतोही सावकाश, त्यामुळे आईला बरं वाटलं तरी तिचा ऑक्सिजन लवकर काढत नाहीत.

घरी आल्यावरही लक्ष ठेवा. काही जणांत दोन दिवसांपासून चाळीस दिवसांपर्यंत कधीही विसरभोळेपणा, चिडचिड, चालण्यात जडपणा, लघवीवरचा ताबा जाणं सुरू होतं. वयस्कर माणसात ते वयावर ढकललं जातं. न्यूरॉलॉजिस्टला गिझरची घटना तारखेसकट सांगा.

माजघर

याच धाग्यात आणखी एक गोष्ट नोंदवते. बाळंतिणीच्या खोलीत शेक-धुरीसाठी कोळशाची शेगडी ठेवतात आणि वारा लागू नये म्हणून फटीसुद्धा कापडाने बुजवतात. निखारे धगधगीत लाल झाले, धूर थांबला की शेगडी आत आणायची असा रिवाज. पण धूर थांबला म्हणून मोनॉक्साइड थांबत नाही. राख धरलेले निखारे तासन् तास तो सोडत राहतात. आई आणि बाळ दोघंही झोपलेली असतात. शेक द्यायचाच असेल तर गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून, आणि तीही आईलाच. बाळाजवळ पिशवी किंवा शेगडी काहीच नको.

शेवंती

सगळ्यांचे आभार. आज बादली पद्धत सुरू केली, कडी काढली. सासूबाईंना उद्या दाखवतोय, इथलं सगळं लिहून नेते. दोन प्रश्न राहिले. ड्राय बाल्कनीला पावसासाठी सरकत्या काचा बसवलेल्या आहेत, आणि सोसायटीत पुढच्या महिन्यात पीएनजी (पाइपने येणारा नैसर्गिक गॅस) येतोय. तोच गिझर चालेल का? अलार्म घ्यायचा तर कुठला, आणि कुठे लावायचा?

नळजोड

काचा लावलेली ड्राय बाल्कनी म्हणजे आणखी एक बंद खोलीच. गिझर ज्या भिंतीवर येईल तिथली वरची काच कायमची काढून जाळी लावा आणि खालच्या बाजूलाही वितीएवढी मोकळी जागा ठेवा. नुसती सरकवून उघडी ठेवू म्हटलं तर पहिल्या पावसाला कोणीतरी बंद करतं. बाल्कनी आणि स्वयंपाकघर यांमधलं दार गिझर चालू असताना बंद.

पीएनजीला तोच गिझर तसाच जोडायचा नाही. एलपीजी 30 मिलिबार दाबाने येतो, पीएनजी 21 ने, आणि पीएनजीच्या जेटचं, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या तोटीचं, भोक मोठं असतं. एलपीजीचा जेट तसाच ठेवला तर ज्योत दुबळी पडते. उलटं झालं, पीएनजीचा गिझर एलपीजीवर लावला, तर जास्त गॅस सुटून पिवळ्या, लांब ज्वाळा आणि काजळी. कंपनीचा माणूस जेट बदलून देत असेल तर ठीक, भोक पिनेने मोठं करून देणाऱ्याला परत पाठवा. खरं तर जुना झाला असेल तर विजेचा 15 लिटरचा घ्या. 2 किलोवॉटचा असतो, त्याला 16 अँपिअरचा पॉइंट आणि चालू अर्थिंग हवं, दोन्ही इलेक्ट्रिशियनकडून आधी तपासून घ्या.

ठेवलाच तर गिझरवरच्या छोट्या खिडकीतून ज्योत बघायची सवय लावा. निळी, आखूड, स्थिर हवी. पिवळी टोकं आली, किंवा वरच्या झाकणाशी काळं धरलं, तर पाणी तापवणाऱ्या तांब्याच्या पात्यांमध्ये काजळी भरली आहे. पात्यांच्या फटी बुजल्या की धूर वर जाऊ शकत नाही, ज्योतीला हवा मिळत नाही आणि काजळी आणखी वाढते. वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी, पाती आणि बर्नर ब्रशने साफ करून घ्या. बोअरचं पाणी असेल तर आतल्या नळीत क्षार धरतात, ती सफाई वेगळी सांगावी लागते.

अलार्मच्या बाबतीत दुकानदारही गोंधळ करतात. एलपीजीचा अलार्म वेगळा, मोनॉक्साइडचा वेगळा. एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून त्याचा अलार्म जमिनीपासून वीतभर उंचीवर, सिलिंडरजवळ. पीएनजी हलका, तेव्हा पुढच्या महिन्यात पीएनजीसाठीचा अलार्म छताजवळ लावावा लागेल. मोनॉक्साइड जवळपास हवेच्याच वजनाचा, त्याचा अलार्म नाकाच्या उंचीला, बाथरूमच्या बाहेर पॅसेजमध्ये. वाफेत ठेवला तर सेन्सर खराब होतो. युरोपियन मानक ईएन 50291 छापलेला घ्या. तो दहा लाखांत 300 भागांना तीन मिनिटांच्या आत वाजतो, 50 भागांना तासाभराने. सेन्सरची मुदत मागे लिहिलेली असते, ती संपली की आवाज येत असला तरी तो बदलायचा.

गिझर हलवल्यावर एक परीक्षा करा. बाथरूममध्ये एक्झॉस्ट फॅन असेल तर तो चालू करा, गिझर आणि गॅस बंद ठेवा, बाल्कनीचं दार लावा आणि पेटवलेली उदबत्ती बाल्कनीत गिझर टांगला आहे तिथे धरा. धूर जाळीतून बाहेर गेला तर ठीक. तो आत, घराकडे वळला, तर गिझर चालू असताना तो फॅन लावायचा नाही आणि जाळी आणखी मोठी करायची.