एआयची पीपीटी आणि वहीत राहून गेलेले आकडे

खडू_फळा
मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते. गेल्या आठवड्यात शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट सेमिनार झाले. एका गटाचा विषय होता हळद वाळवण्याचा सोलर ड्रायर. स्लाइड बघत राहाव्यात अशा: रंग जुळलेले, चित्रं नेटकी, इंग्रजी सफाईदार. चौथ्या स्लाइडवर मोठ्या अक्षरांत 'कार्यक्षमता ४२ टक्के'. विचारलं, हा आकडा कसा काढलात? चौघेही एकमेकांकडे बघायला लागले. मग एकाने खरं ते सांगितलं. विषय आणि चार ओळी एआयला दिल्या होत्या, आकडा त्यानेच घातला.

त्यानंतर मी त्यांची वही मागितली, आणि खरं वाईट तेव्हा वाटलं. मुलांनी तीन दिवस गच्चीवर बसून दर दोन तासांनी ट्रे उतरवून वजनं घेतली होती. दुपारी ढग आले त्याची वेळ लिहिली होती. एका ट्रेमधली हळद वरून कडक झाली पण आत ओलीच राहिली, म्हणून कांडी मोडून बघितल्याची नोंद होती. पानांवर पिवळे डाग. इतकं सुंदर काम, आणि त्यातली एक ओळसुद्धा पीपीटीत नाही!

काय ठेवायचं, काय गाळायचं, आधी काय सांगायचं, हे ठरवताना माणसाला आपलंच काम नीट कळतं. मुलं नेमकं तेच दुसऱ्याच्या हाती देऊन बसली. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: निदान शिकणाऱ्याने तरी पीपीटी एआयकडून करून घेऊ नये. तुमचे अनुभव वाचायला आवडतील.

सोमवारची_मीटिंग
असहमत. मी हिंजवडीत नोकरी करतो आणि महिन्याला दोन-तीन मोठ्या पीपीटी माझ्या माथी असतात. त्यात विचाराचं काम तासाभराचं असतं. बाकी सगळा वेळ चौकटी एका रेषेत आणण्यात, कंपनीच्या टेम्प्लेटचा रंग बसवण्यात आणि एक्सेलमधला तक्ता चिकटवल्यावर बिघडलेला फॉन्ट सुधारण्यात जातो. आता मी मुद्दे आणि आकडे माझे देतो, मांडणी एआय करतं, आणि मुलगी झोपायच्या आत घरी पोचतो. मला हे फार मोलाचं आहे.

तुमच्या मुलांनी आकडे दिलेच नाहीत, तर चूक साधनाची कशी? आणि ताई, एआय नव्हतं तेव्हा मुलं स्वतः पीपीटी करायची का? आमच्या वेळी सीनिअरची पीपीटी पेन ड्राइव्हवरून यायची. आम्ही पहिल्या स्लाइडवरची नावं बदलायचो आणि शेवटची गुलाबाच्या फुलाची 'थँक यू'ची स्लाइड तशीच ठेवायचो.

खडू_फळा
सीनिअरच्या पीपीटीचा मुद्दा मान्य. पण त्या नकलेत खोटा आकडा तुमच्या नावावर नव्याने तयार होत नव्हता. चोरी होती ती, आणि चोरी आहे हे करणाऱ्यालाही ठाऊक असायचं. या मुलांना मात्र प्रामाणिकपणे वाटत होतं की ही त्यांचीच पीपीटी आहे.

मांडणी वेगळी आणि विचार वेगळा, हे मला पटत नाही. वर्गात मी दरवर्षी कोलंबिया यानाचं उदाहरण देते. १६ जानेवारी २००३ ला उड्डाणाच्या वेळी इंधनटाकीवरचा फोमचा तुकडा सुटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान अजून अंतराळात असताना अभियंत्यांनी नासाच्या अधिकाऱ्यांपुढे पीपीटी मांडली. त्यातल्या एका स्लाइडचा मथळा वाचून वाटावं, जुन्या चाचण्यांवरून काळजीचं फारसं कारण दिसत नाही. त्याच स्लाइडच्या तळाशी, बारीक उपमुद्द्यात, खरी गोष्ट होती: चाचणीतला तुकडा ३ घन इंचांचा, आदळलेला सुमारे १९२० घन इंचांचा. म्हणजे ६४० पट! जुन्या चाचण्या इथे लागूच पडत नव्हत्या. १ फेब्रुवारीला परतताना यान तुटलं आणि कल्पना चावलांसह सातही जण गेले. चौकशी मंडळाने आपल्या अहवालात त्या स्लाइडवर स्वतंत्रपणे बोट ठेवलं.

अपघाताचं कारण पीपीटी होती असं मी म्हणत नाही. पण कुठला आकडा मथळ्यात आणि कुठला तळाशी, ही मांडणीच असते ना? मग ती सोपवायची कशी?

सोमवारची_मीटिंग
उदाहरण अंगावर काटा आणणारं आहे. पण ती स्लाइड माणसांनीच केली होती, ताई. हुशार, अनुभवी माणसांनी. कदाचित आज कुणी एआयला विचारलं असतं, 'या स्लाइडवरची सर्वांत गंभीर गोष्ट कोणती?' तर त्याने ६४० पट वर काढलं असतं. मी स्वतः तसं करतो. पीपीटी झाली की ती परत देऊन विचारतो, आमचे साहेब कुठे अडवतील? बहुतेक वेळा ते बरोबर जागा दाखवतं.

बांधावरचा
मी हिंगोली जिल्ह्यातला. आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे, कागदपत्रं मी बघतो. खडू_फळा ताई, तुमचं दुखणं समजलं, पण माझी बाजूही ऐका.

बँकेत खेळत्या भांडवलासाठी सादरीकरण द्या म्हणाले. मागच्या वेळी तालुक्याला एका दुकानात तीन हजार देऊन करून घेतलं होतं. त्याला हळदीतलं काही कळत नव्हतं, 'शिजवणी'चं त्याने भलतंच काही लिहिलं. चुका दुरुस्त करायला चार खेटे. या वर्षी मी फोनवर मराठीत बोलत गेलो. किती सभासद, किती क्विंटल, शिजवून वाळवून पॉलिश करेपर्यंत खर्च किती, दर पडला तर साठवायला जागा कुठं. एआयने दहा स्लाइड करून दिल्या, मराठीत आणि इंग्रजीत. आकडे सगळे माझ्या वहीतले, एकेक ताडून बघितले. मॅनेजर साहेबांनी तासभर प्रश्न विचारले, आणि मी उत्तरं दिली. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की मला बोलता येतं, फक्त कागद तयार करता येत नव्हता.

ज्यांना इंग्रजी येतं, डिझाइन येतं, त्यांनी 'स्वतः करा' म्हणणं सोपं आहे. आम्ही कुठं जायचं?

जोडाक्षर
मी असं दुकान चालवणाऱ्यांपैकीच. बांधावरचा यांना भेटलेला माणूस मी नव्हे, तरी मनाला लागलं. हळदीचं काम हाती घेतलं तर हळदीचं विचारून घ्यायला हवं होतं, हे खरं.

मराठी पीपीटीबद्दल मात्र एक गोष्ट कुणी बोललं नाही. एआयने चित्रातच मराठी अक्षरं काढली की जोडाक्षरं फुटू शकतात, वेलांट्या भलतीकडे जाऊ शकतात, 'वाऱ्या'चा ऱ्या कधी कधी जागेवर नसतो. मजकूर नेहमी टेक्स्ट बॉक्समध्ये घ्या, चित्रात नको. फॉन्ट मराठी वळणाचा निवडा, नाहीतर ल आणि श हिंदी वळणाचे येतात. श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या जुन्या फायली तशाच चिकटवल्या तर अगम्य चिन्हं दिसतात, आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या.

आणि भाषा! ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठ्याची एक पीपीटी दुरुस्तीला आली होती. तीत विहिरीचं पाणी आटण्याला 'जलसंसाधन आव्हान' आणि टँकरला 'तात्पुरते समाधान'. गावात कुणी असं बोलत नाही. ग्रामसभेत ती स्लाइड लावली असती तर बायकांना कळलंच नसतं की हे त्यांच्याच हंड्यांबद्दल चाललंय.

ताळेबंद
थोडक्यात एक. अशिलाचे हिशेब, रुग्णांची नावं, कंपनीचे जाहीर न झालेले आकडे असल्या साधनांत टाकण्याआधी ऑफिसची परवानगी आहे का ते बघा. आमच्याकडे एका शिकाऊ मुलाने अख्खी वही अपलोड केली होती. वेळ वाचवण्याच्या नादात हे विसरायला होतं.

पारावरून
पीपीटी हवीच कशाला, हा माझा प्रश्न. ॲमेझॉनमध्ये जेफ बेझोस यांनी २००४ मध्ये वरिष्ठांच्या बैठकीतून पीपीटी बंद केली. त्याजागी सलग वाक्यांत लिहिलेलं टिपण आलं, सहा पानांपर्यंतचं, आणि बैठकीच्या सुरुवातीला सगळे ते शांतपणे वाचतात. सलग लिहिताना 'म्हणून' आणि 'पण' लिहावंच लागतं. मुद्द्यांच्या ठिपक्यांत ते लपवता येतं.

सोमवारची_मीटिंग
ते टिपणही आता एआय लिहून देतं. त्यामुळे प्रश्न तिथेच राहतो.

खडू_फळा
बांधावरचा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझ्या पहिल्या लिखाणात मी सरसकट बोलले, ते मागे घेते. तुम्ही आधी वही भरलीत, मग स्लाइड मागितल्या. माझ्या मुलांनी वही भरली आणि ती बाजूला ठेवून स्लाइड मागितल्या.

त्या गटाला मी पुन्हा उभं केलं. अट एकच: आधी वहीवरून एक पान हाताने लिहून आणा, काय केलं आणि काय सापडलं, मग स्लाइड कशाहीने करा. काल त्यांनी पुन्हा सादर केलं. या वेळी पहिल्या स्लाइडवर त्या डागाळलेल्या पानाचा फोटो होता. कार्यक्षमता ४२ नव्हती, बरीच कमी निघाली. आणि आत ओली राहिलेल्या कांडीवर एक मुलगी दहा मिनिटं बोलली, एकदाही पडद्याकडे न बघता.

सोमवारची_मीटिंग, नोकरीत तुम्ही करता ते मला चालेल. शिकताना मात्र आधी स्वतः लिहिल्याशिवाय चालणार नाही, यावर मी ठाम आहे.

सोमवारची_मीटिंग
आणि मी यावर ठाम आहे की हीच मुलं दोन वर्षांनी नोकरीत एआय वापरणार, मग ते वापरायला कॉलेजातच शिकवा. तुमची एका पानाची अट मात्र आमच्या नव्या मुलांना लावून बघतो.

बांधावरचा
ताई, विषय थोडा बाजूला जातो, माफ करा. आमच्याकडं शिजवलेली हळद उन्हात वाळायला १२ ते १५ दिवस लागतात, अवकाळी आला की पळापळ. तुमच्या मुलांच्या वहीतली वजनं बघायला मिळतील का? आणि ती आतून ओली राहिलेली कांडी किती जाड होती, ते लिहिलंय का त्यांनी?