सॉल्ट लेकच्या मंदिरावर सप्तर्षी कशाला?

प्रश्न: काही वर्षं अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीत राहिले. तिथल्या मॉर्मन (अमेरिकेत जन्मलेला एक ख्रिस्ती पंथ) मंदिराच्या पश्चिमेच्या बुरुजावर दगडात चक्क सप्तर्षी कोरलेत. शिवाय सूर्य, चंद्राच्या कला, एकमेकांत गुंफलेले हात. शेजारच्या आजी घरी केलेला पाव घेऊन यायच्या, पण मंदिरात आत काय चालतं विचारलं की "ते पवित्र आहे" एवढंच म्हणायच्या. हे सगळं आलं कुठून?

उत्तर १: फ्रीमेसनांकडून, म्हणजे गुप्त खुणा आणि विधी असलेल्या त्या बंधुसंघाकडून उचललंय, दुसरं काय.

उत्तर २: "उचललंय" म्हणून विषय संपत नाही. मॉर्मन पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ मार्च १८४२ मध्ये इलिनॉयमधल्या नावूला मेसन झाला आणि ४ मे रोजी आपल्या दुकानाच्या माडीवर त्याने मंदिरातला विधी पहिल्यांदा नऊ जणांना दिला. मधे जेमतेम सात आठवडे! खुणा, हस्तस्पर्श, काटकोन-कंपास यांचं साम्य त्याच्या जवळच्या माणसांनीही नाकारलं नाही. त्यांच्या मते मेसनांकडे मूळ विद्येचे अवशेष उरले होते आणि स्मिथने ती पुन्हा उभी केली. शिवाय मेसनांच्या विधीत नसलेली आदम-हव्वेची कथा इथे मध्यभागी आहे.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते त्याआधीचं. आपल्याकडे पायाळू माणसाला गुप्तधन दिसतं म्हणतात ना, तसाच विश्वास तेव्हा न्यूयॉर्कच्या खेड्यांत होता. स्मिथ टोपीत खडा ठेवायचा आणि उजेड आत येऊ नये म्हणून चेहरा टोपीत खुपसायचा; त्या खड्यात दडलेलं दिसतं म्हणे. १८२५ मध्ये एका शेतकऱ्याने त्याला पुरलेली स्पॅनिश चांदी शोधायला कामावर ठेवलं, १८२६ मध्ये त्यावरून तो न्यायाधीशापुढे उभा राहिला. पुढे मॉर्मन ग्रंथ, म्हणजे पंथाचा धर्मग्रंथ, लेखनिकाला सांगतानाही पुष्कळदा हीच टोपी, असाच खडा. मॉर्मन चर्चने २०१५ मध्ये त्या तपकिरी, अंड्याएवढ्या खड्याचा फोटो स्वतःच छापला. ते मला फार प्रामाणिक वाटलं.

प्रश्नकर्ती: खड्याचं माहीतच नव्हतं! पण सप्तर्षी?

उत्तर २: मंदिराच्या वास्तुरचनाकाराने, ट्रुमन एंजेलने, १८५४ मध्येच लिहून ठेवलंय: हरवलेल्यांना पुरोहितपदाच्या आधारे वाट सापडावी. त्यातल्या चौकोनाच्या, शेपटीपासून लांबच्या बाजूच्या दोन ताऱ्यांवरून आपणही ध्रुव शोधतोच की. बांधकामाला ४० वर्षं लागली, १८५३ ते १८९३, तरी ते सात तारे कोणी गाळले नाहीत.

प्रश्नकर्ती: आजींना फोन करते. या वेळी आतलं विचारत नाही, ताऱ्यांबद्दल विचारते.