मदत हवी आहे : कळ दाबून जागे केले की रिझ्यूमनंतर (झोपेतून उठल्यावर) की-पॅडच मुका होतो

नमस्कार. कोल्हापूरच्या उद्यमनगरात दूध संस्थांसाठी संकलनयंत्रे बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात मी लिनक्स ड्रायव्हरचे (हार्डवेअर चालवणाऱ्या प्रोग्रामचे) काम पाहतो. संकलन सकाळ-संध्याकाळ होते आणि खेड्यांत मधल्या काळात विजेचा भरवसा नसतो. म्हणून यंत्र बॅटरीवर सस्पेंडमध्ये (कमी विजेच्या झोपेत) राहावे आणि सचिवांनी कोणतीही कळ दाबताच जागे व्हावे, अशी योजना आहे.

की-पॅडची चिप आयटूसी बसवर (चिपांना जोडणाऱ्या दोन तारांच्या मार्गावर) असून तिची इंटरप्टची (प्रोसेसरचे लक्ष वेधणाऱ्या इशाऱ्याची) तार जीपीआयओला, म्हणजे प्रोसेसरच्या सर्वसाधारण पिनला, जोडलेली आहे. इंटरप्ट फॉलिंग एजचा (तार वरून खाली जाण्याच्या क्षणी लागणारा) आहे, त्याला उत्तर देणारा हँडलर थ्रेडेड (स्वतंत्र थ्रेडमध्ये चालणारा) आहे आणि सस्पेंड कॉलबॅकमध्ये मी इंटरप्टला यंत्र जागे करण्याची मुभा देणारे एनेबल_आयआरक्यू_वेक() वापरतो. आरटीसीच्या (यंत्रातल्या घड्याळाच्या) अलार्मने यंत्र उठले तर सर्व सुरळीत चालते. कळ दाबून उठवले तर पडदा उजळतो, पण त्यानंतर एकही कळ लागत नाही. यंत्र बंद करून पुन्हा चालू करावे लागते आणि तोवर किटल्या घेतलेली रांग ताटकळते. लॉगमध्ये आयटूसी वाचताना -१०८ (बस अजून बंद असल्याची) ही चूक दिसते.

माझा तर्क असा की, जागे करणारा इंटरप्ट कर्नल (लिनक्सचा गाभा) प्रलंबित ठेवतो आणि नो-आयआरक्यू टप्पा (उठतानाचा, इंटरप्ट बंद असलेला भाग) संपताच इंटरप्ट पुन्हा सुरू करतो. परंतु ती बस चालवणाऱ्या आयटूसी कंट्रोलरचा रिझ्यूम त्यानंतरच्या साध्या टप्प्यात असल्याने हँडलरचे वाचन फसते, चिपची तार खालीच राहते आणि नवी एज कधीच येत नाही. सस्पेंडमध्येही इंटरप्ट चालू ठेवणारा आयआरक्यूएफ_नो_सस्पेंड हा पर्याय लावून पाहिले. फरक पडला नाही. सस्पेंडमध्ये डिसेबल_आयआरक्यू() करून इंटरप्ट बंद करावा, तर यंत्र कळीने उठेल का, ही शंका आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद :
आपला तर्क बरोबर आहे. नो_सस्पेंड आधी काढून टाका. तो टायमरसारख्या, सस्पेंडच्या शेवटच्या टप्प्यांतही चालू राहावे लागणाऱ्या इंटरप्टांसाठी आहे, जागे करण्यासाठी नाही. इंटरप्ट बंद असणे आणि त्याला जागे करण्याची मुभा असणे या कर्नलच्या लेखी स्वतंत्र गोष्टी आहेत, त्यामुळे डिसेबल_आयआरक्यू() केल्यावरही वेक चालू असेल तर यंत्र उठलेच पाहिजे. उठले नाही तर दोष जीपीआयओच्या आयआरक्यूचिप ड्रायव्हरमध्ये (त्या पिनांचे इंटरप्ट सांभाळणाऱ्या भागात) शोधावा. डिसेबल_आयआरक्यू() चालू असलेला हँडलर, त्याच्या थ्रेडसह, संपेपर्यंत थांबते, म्हणून हँडलरला लागणारा म्युटेक्स (एका वेळी एकालाच मिळणारे कुलूप) धरून ते बोलावू नका. आपल्या ड्रायव्हरचा रिझ्यूम पालक असलेल्या कंट्रोलरनंतरच होतो. तिथे एनेबल_आयआरक्यू() करा. जीपीआयओ पातळीवर चालणारा इंटरप्ट देत असेल तर एज सोडून लो-लेव्हल (तार खाली असेपर्यंत लागू राहणारा) आणि वनशॉट (थ्रेड संपेपर्यंत इंटरप्ट झाकून ठेवणारा) घ्या, म्हणजे निसटलेल्या एजची भीती उरत नाही. मात्र डिसेबल न करता नुसती लेव्हल लावलीत, तर कंट्रोलर उठेपर्यंत हँडलर पुन्हा पुन्हा आपटत राहील.

मूळ प्रश्नकर्ता :
मनःपूर्वक आभार. दोन्ही बदल केले आणि प्रत्येक वेळी कळीने उठवले. की-पॅड एकदाही मुका झाला नाही. आता उठवणारी कळही अंक म्हणून नोंदली जाते आणि सभासद क्रमांक ४१ चा ५४१ होतो; ती पहिली कळ ड्रायव्हरमध्ये न गाळता वरच्या प्रोग्राममध्येच सोडून देणार आहे.